घरची माणसे गावी, मांजर घरी

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारणा सुरू होते: आम्ही आठवडाभर गावी जातोय, आमच्या कुत्र्याकडे कोण बघेल? एकत्र कुटुंबात हा प्रश्न फारसा पडत नसे, घरी कुणी ना कुणी असायचेच. आता त्या जागी पेट सिटर आला आहे. तो पैसे घेऊन तुमच्या घरी येतो किंवा राहतो आणि जनावर सांभाळतो. या कामात उतरणारे बहुतेक तरुण आपली पात्रता एका वाक्यात सांगतात, ‘मला प्राणी खूप आवडतात.’ आवड हवीच, पण ती मालकालाही असते. मालक पैसे मोजतो ते त्याच्या गैरहजेरीत कुणीतरी डोळे उघडे ठेवावेत म्हणून. कुत्रा-मांजर आपले दुखणे सांगत नाहीत, मांजर तर ते शक्य तितके लपवते. त्यामुळे रोजच्यापेक्षा आज काय वेगळे घडले, हे वेळेत ओळखणे हेच या धंद्यातले खरे कसब आहे आणि बाकीच्या सगळ्या सूचना त्यातूनच निघतात.

मांजराचेच पाहा. ‘मांजराला काय, दोन दिवसांचे खाणे ठेवले की झाले’ असे सर्रास म्हटले जाते, आणि तिथेच घात होतो. घर रिकामे झाले की बरीच मांजरे पलंगाखाली दडी मारून खाणे सोडतात. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही, तर लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते आजारपण जिवावर बेतू शकते. बोक्याच्या बाबतीत तर तासांचा हिशेब असतो. खडे किंवा चिकट स्राव अडकून त्याची लघवीची वाट बंद झाली, तर एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतात. तो पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतो, जोर करतो, मागची बाजू चाटत राहतो. बघणाऱ्याला वाटते, पोट साफ होत नसेल. खरी खूण ट्रेमध्येच असते. गोळा बनवणारी लिटर वापरली असेल, तर लघवीचे ओले गोळे मोजता येतात. काल तीन होते आणि आज सकाळपासून एकही नाही, एवढे कळले की व्हेटला फोन करायला उशीर करायचा नाही. ट्रे नुसता साफ करणारा आणि साफ करताना गोळे मोजणारा, या दोघांत फरक आहे तो हाच.

पण वेगळे काय, हे कळायला आधी रोजचे काय ते माहीत हवे. म्हणून सिटरचे निम्मे काम किल्ली हातात येण्यापूर्वीच होते. मालक घरी असताना एकदा जाऊन तासभर बसावे आणि प्रश्न नेमके विचारावेत. ‘नीट खातो’ हे उत्तर घेऊ नये. कोणत्या वाटीने किती, किती वेळात संपवतो, पाणी दिवसाला किती पितो, शी कशी असते, कुणाला पाहून गुरगुरतो, गोळी कशात लपवून द्यायची, हे लिहून घ्यावे. गोळी चिकनच्या तुकड्यात घालून दिली म्हणजे पोटात गेली असे नव्हे, कित्येक कुत्रे चिकन खाऊन गोळी सोफ्याखाली थुंकतात. मालकाने एकदा समोर देऊन दाखवावी.

यावर आक्षेप येतो: एवढे कशाला, दोन वेळचे खाणे आणि फिरवणे तर वॉचमनही करतो. करतोच, आणि दहापैकी नऊ वेळा काही बिघडतही नाही. सिटरचे पैसे दहाव्या वेळेसाठी असतात. शिवाय हल्ली घरात कॅमेरा असतो, मालक दिवसाला चार फोटो मागतात आणि त्यावर समाधान मानतात. वाडग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचा फोटो छान येतो, पण त्याने खाल्ले का, हे त्यात दिसत नाही. ‘सकाळी अर्धी वाटी उरली, पाणी नेहमीपेक्षा जास्त प्याला’ ही ओळ चार फोटोंपेक्षा कामाची.

दिवाळीत धोका दाराशी असतो. फटाक्याने बिथरलेला कुत्रा मागे सरकतो आणि पट्टा डोक्यावरून निसटून जातो. म्हणून हार्नेस घालावा, फिरवणे अंधार पडण्याआधी उरकावे आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर त्या आठवड्यापुरता सिटरचा नंबर टाकावा, कारण मालक विमानात असू शकतो. फराळाच्या ताटातले मनुके-बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे आहेत. मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देण्याचा विचारही करू नये, तिचा तुकडासुद्धा जीव घेऊ शकतो.

राहिली कागदपत्रे. ओळखीतल्या माणसाकडून सही कशी घ्यायची, असा संकोच अनेकांना वाटतो. पण रात्री अकराला व्हेट ‘ऑपरेशन करू का?’ असे विचारतो आणि मालकाचा फोन लागत नाही, तेव्हा हा संकोच महागात पडतो. कोणत्या व्हेटकडे न्यायचे, किती खर्चापर्यंत परवानगी आहे, मालक सापडला नाही तर निर्णय कुणाचा, हे आधीच लिहून घ्यावे. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो जवळ ठेवावा. सिटरने स्वतःही रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन थेट दवाखाना गाठावा, आधी लस घेतली असली तरी पुढचे डोस चुकवू नयेत. गेटवर अनोळखी माणसाला कुत्र्यासह लिफ्टने जाऊ देत नाहीत, ही नेहमीची तक्रार आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. तरी वाद घालण्यापेक्षा मालकाने सोसायटीच्या कार्यालयात सिटरचे नाव आधीच देऊन ठेवलेले बरे.

सगळी कामे घ्यायचीही नसतात. पहिल्याच भेटीत दात दाखवणारा मोठा कुत्रा किंवा रोज इन्शुलिन लागणारे मांजर, हात बसलेला नसेल तर नाकारावे. एकाच आठवड्यात सहा घरे घेतली, तर कोणाच्या ट्रेमध्ये किती गोळे होते हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. मालकांनीही सिटर निवडताना दर विचारण्याआधी एवढेच विचारावे: माझे जनावर आजारी पडतेय, हे तुम्हाला कशावरून कळेल? उत्तर ‘मला प्राणी आवडतात’ असे आले, तर दुसरा माणूस शोधावा.