मंगळूरची सहल आणि चॉकलेटचे झाड

छपरावरची मंगळुरी कौले आपल्याकडे कोणाला ठाऊक नाहीत? पण ती जिथून आली ते मंगळूर पाहिलेली शेतकरी कुटुंबे थोडीच. कोकण रेल्वे झाल्यापासून कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे हे शहर आपल्याला जवळ आले आहे. पीकपाणी आटोपल्यावर सहलीचा बेत असेल, तर एक दिवस मंगळूरसाठी जरूर राखावा. देवदर्शन घडेल, समुद्र दिसेल आणि मुलांच्या आवडीचे चॉकलेट शेतकऱ्याच्या बागेतून कसे निघते, हेही कळेल.

सकाळी कद्रीच्या मंजुनाथाचे दर्शन घ्यावे. येथील लोकेश्वराची कांस्यमूर्ती इ. स. ९६८ सालची आहे. मग सेंट अलॉयशियस चॅपेल पाहावे. त्याच्या भिंती आणि छत अंतोनियो मोशेनी या इटालियन चित्रकाराने चित्रांनी भरून टाकले आहे. पुढे गुरुपुरा नदीच्या काठी टिपू सुलतानाच्या काळचा ‘सुलतान बत्तेरी’ बुरूज आहे. याच भागातल्या नद्यांकाठच्या चिकणमातीवर बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पायाखालच्या मातीचे कौल केले, तेव्हा तिला मोल आले. चॉकलेटची गोष्टही अशीच आहे.

दुपारी नीर डोसा आणि मासळीचे कालवण जेवून पुत्तूरची वाट धरावी. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. दुतर्फा पोफळीच्या बागा लागतात आणि पोफळीच्या सावलीत कोकोची झाडे दिसतात. कोकोचे फळ थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागते. आमच्याबरोबरच्या भगिनींना ते पाहून फणसाची आठवण झाली. फळ फोडले की पांढऱ्या, गोड गरात गुंडाळलेल्या तीस-चाळीस बिया निघतात. गर चोखायला छान, पण बी चावून पाहावी तर कडू आणि तुरट. चॉकलेटचा वाससुद्धा नाही!

तो वास येतो आंबवण्यातून. फळ लाकडी दांडक्याने फोडतात, कारण सुरीने बिया कापल्या जातात. ओल्या बियांचा ढीग केळीच्या पानांनी झाकून किंवा लाकडी पेटीत भरून पाच-सहा दिवस ठेवतात आणि मधून मधून वरखाली करतात. ढीग आतून चांगला तापतो, बी मरते आणि तिच्यात चॉकलेटची चव तयार होऊ लागते. त्यानंतर कडक उन्हात वाळवण. साधारण तीन किलो ओल्या बियांची एक किलो वाळलेली बी होते. आंबवण्यात घाई केली, तर पुढे कितीही चांगले यंत्र असो, चव सुधारत नाही.

वाळलेली बी मिळाली तर घरीही करून पाहता येते. लोखंडी कढईत मंद आचेवर, सतत हलवत, खमंग वास सुटेपर्यंत भाजावी. निवल्यावर चोळून टरफले काढावीत आणि सुपात पाखडावे. गर मिक्सरमध्ये थांबत थांबत वाटावा. बियांत जवळजवळ निम्मे तूप असल्याने भुकटीचा आपोआप लगदा होतो. त्यात पिठीसाखर घालून पुन्हा वाटावे व ताटलीत थापून गार करावे. पाण्याचा थेंबही लागू देऊ नये, नाहीतर लगद्याच्या गाठी होतात. वड्या किंचित रवाळ होतात, कारण कारखान्यात हेच वाटण कितीतरी तास चालते.

आता बाजाराचे. १९८० च्या सुमारास कोकोचे भाव कोसळले, खरेदीदारांनी हात आखडता घेतला आणि पुष्कळांनी झाडे तोडली. त्या वेळी सुपारी उत्पादकांची ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था पुढे आली. १९७३ साली मंगळूरला स्थापन झालेल्या या संस्थेने कोको खरेदी सुरू केली आणि १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. बी पिकवणाराच कारखान्याचा मालक झाला.

भावाचा खेळ मात्र संपलेला नाही. २०२४ साली जागतिक बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि पुढे पुन्हा घसरला. म्हणून कोकणातल्या नारळ-पोफळीच्या बागाईतदारांनी केवळ चढा भाव ऐकून रोपे आणू नयेत. उन्हाळ्यात पाणी पुरेल का, खारी आणि उंदीर आवरतील का, पावसाळ्यात फळे काळी पडून कुजतात त्यावर वेळेवर फवारणी होईल का, हे आधी पाहावे. सर्वांत आधी बी कोण घेणार, हे विचारावे. एकट्याच्या दहा-वीस झाडांसाठी खरेदीदार दारात येत नाही. गावातल्या दहा बागाईतदारांनी एकत्र येऊन आंबवण व वाळवण केले, तर माल एकसारखा होतो आणि भावाबद्दल बोलायला तोंड राहते.

परतताना मुलांसाठी चॉकलेट अवश्य घ्यावे. कागद सोडताना त्यांना एवढे मात्र सांगावे की, ही गोडी कुणा शेतकऱ्याने केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस जपली होती.