हिवरे बाजारचं वॉटर बजेट: आधी आकडे, मग प्लॅन

एका हॉटस्पॉटवर पाच जण आणि त्यातल्या एकाने अख्खा सिनेमा डाउनलोडला लावला, तर बाकीच्यांचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. विहिरींचंही तसंच. शेतं वेगवेगळी, पण खालचं पाणी एकच.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने यावर काढलेला तोडगा मला भारी वाटतो. 1990 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर श्रमदानातून डोंगरावर चर खणले गेले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली. पाणी मुरायला लागलं. पण ते वाटायचं कसं?

हिशोब करून. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. गावाचं क्षेत्र साधारण 977 हेक्टर, म्हणजे दर मिलिमीटरला जवळपास 1 कोटी लिटर! त्यातलं बरंचसं वाहून किंवा उडून जातं, म्हणून पावसाबरोबर विहिरींची पातळीही मोजतात. आधी माणसं आणि जनावरं, उरेल ते पिकांना. हे आकडे ग्रामसभेत मांडले जातात आणि त्या वर्षी काय पेरायचं ते तिथेच ठरतं. ऊस, केळी आणि शेतीसाठी बोअरवेल यांना तर बंदीच. उसात पैसा असतो, त्यामुळे हे पाळणं सोपं नाही.

शहराच्या विकास आराखड्यावरही कायद्याने हरकती-सूचना मागवतात, पण नकाशा तयार झाल्यावर. तरी तुमच्या शहराचा आराखडा आला, तर पीडीएफ उघडा, झूम करा आणि आपली गल्ली शोधा. हरकतीची मुदत ठरलेली असते.