स्तनाची सूज अंगावर काढू नका

स्तनाचा कर्करोग म्हटला की गाठ आठवते. पण या रोगाचा एक प्रकार असा आहे, की त्यात बहुधा हाताला गाठ लागतच नाही. त्याला दाहक स्तनकर्करोग म्हणतात. स्तनाच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण १ ते ५ टक्केच. परंतु तो झपाट्याने वाढतो, म्हणून त्याची माहिती प्रत्येक भगिनीला हवी.

यात कर्करोगाच्या पेशी त्वचेतील सूक्ष्म लसिकावाहिन्या अडवतात व द्रव तेथेच साचतो. त्यामुळे काही दिवसांत वा आठवड्यांतच स्तन सुजतो, जड होतो, लालसर दिसतो व हाताला गरम लागतो. सावळ्या त्वचेवर लाली चटकन ओळखू येत नाही. रंग नुसता गडद झाल्यासारखा वाटतो. त्वचा जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसते. कधी स्तनाग्र आत ओढले जाते, काखेत गाठी येतात.

लक्षणे जंतुसंसर्गासारखी असल्याने फसगत होते. बाळाला अंगावर पाजणाऱ्या मातेला दूध साचून अशी सूज येऊ शकते. तिला बहुधा ताप असतो व औषधाने उतार पडतो. मात्र आठवडा-दहा दिवसांच्या औषधाने सूज उतरली नाही, तर तेच औषध पुन्हा घेत बसू नये. पाळी गेलेल्या स्त्रीने तर अधिकच सावध राहावे. लेप, पोटीस यांत दिवस घालवू नयेत.

मॅमोग्राफी व सोनोग्राफी केली जाते. पण खात्री होते ती बायोप्सीनेच. स्तनाचा व त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. रोग इतरत्र गेला आहे का, हे पाहण्यासाठी स्कॅन करतात.

उपचारांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी केमोथेरपी देऊन सूज व रोग आटोक्यात आणतात, मग शस्त्रक्रियेने स्तन व काखेतील गाठी काढतात, त्यानंतर रेडिएशन देतात. बायोप्सीत ‘हर-२’ प्रथिन जास्त आढळल्यास ट्रास्टुझुमॅबसारखी औषधे, तर हार्मोनला प्रतिसाद देणारा रोग असल्यास काही वर्षे हार्मोनविरोधी औषधे देतात.

हा रोग सापडतो तेव्हाच तो निदान तिसऱ्या अवस्थेत असतो. म्हणून येथे एकेक आठवडा मोलाचा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या कर्करोग रुग्णालयांत यावर उपचार होतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. लाजेपोटी दुखणे लपवू नये आणि घरच्यांनीही ‘बायकांचे दुखणे’ म्हणून ते टाळू नये.