नमुना आठवर नाव आहे, पण घर कोणाचं?

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या राज्याच्या १९व्या वर्षी तो दिला गेला. राणीने त्यात एक शेत, शेतावरचं घर आणि कसणाऱ्यांची चार घरं दान दिली आहेत. देणारी कोण, तिचं माहेर-सासर कोणतं, काय दिलं, कोणाला दिलं, कधी दिलं, हे सगळं त्या पत्र्यांवर आहे. दीड हजार वर्षांनीही ते वाचून व्यवहार कळतो.

आज वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात घराचे कागद मागा. पेटीतून प्लास्टिकची पिशवी निघते. तिच्यात घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, नमुना आठचा उतारा आणि एखादी घड्यांवर फाटलेली इसारचिठ्ठी असते. घर आजोबांनी बांधलेलं, त्यामुळे कोणाला कधी शंका आलेली नसते. शंका येते ती घर विकायला काढलं की. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. अशा गावात जागेची विचारपूस वाढणारच. म्हणून ती पिशवी आत्ताच उघडून बघायला हवी.

नमुना आठ म्हणजे मालकी का?

नाही. नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. घरपट्टी कोणाकडून घ्यायची, हे ठरवण्यापुरता तिचा उपयोग. उतारा नीट वाचला तर मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं नाव असे दोन वेगळे रकाने दिसतील. घर घेणारे बरेच जण नाव दिसलं की समाधान मानतात, ते कोणत्या रकान्यात आहे हे पाहत नाहीत. आणि नाव मालकाच्या रकान्यात असलं, तरी कर भरल्याने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे.

मालकीचा माग खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र अशा दस्तांत आणि वारसाहक्कात लागतो. गावठाणातल्या घरासाठी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आहे का, ते बघा. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून अशा पत्रिका दिल्या जात आहेत. ती असेल तर तिच्यावरचं क्षेत्र, नमुना आठवरचं क्षेत्र आणि जागेवर टेप लावून निघालेलं माप, तिन्ही ताडून पाहा. चतुःसीमा शेजाऱ्यांसमोर वाचून घ्या.

प्लॉट गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, अकृषक वापराचे कागद आणि मंजूर लेआउट मागा. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं लिहिलेलं असेल तर थांबा. अशा जमिनीच्या विक्रीला सहसा सरकारची पूर्वपरवानगी लागते.

इसार दिला, नोटरी केली. घर झालं का?

झालं नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. त्याच कलमात म्हटलं आहे की विक्रीच्या नुसत्या करारामुळे त्या मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. नोटरी सही ओळखतो, मालकी देत नाही. मुखत्यारपत्रावर घर ‘घेणाऱ्यांना’ सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हेच बजावलं आहे.

म्हणजे इसारपावती टाकाऊ आहे असं नाही. समोरचा फिरला तर तिच्या आधारे दावा लावता येतो. पण साधारणपणे ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत, तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षांत. म्हणून पावतीत पूर्ण किंमत, दिलेली रक्कम, जागेचं वर्णन आणि रजिस्ट्रीची मुदत लिहाच. इसार बँकेतून द्या. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त इसार रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

बहिणीची सही कशाला?

गावातले अनेक दावे याच प्रश्नातून उभे राहतात, आणि फार कडूही होतात. ‘तिचं लग्न लावून दिलं, आता तिचा काय संबंध?’ असं भाऊ सहज बोलून जातो. कायदा तसं म्हणत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. वडिलांचं स्वकष्टाचं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तरी मुलगी वारस आहेच.

ती हक्क सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, आणि ते तिने समजून, आपल्या मर्जीने करून दिलेलं हवं. राखीपौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे कागद सरकवून सही घेणं हा तिच्यावर अन्याय आहे. घेणाऱ्यालाही माझं कळकळीचं सांगणं आहे: सगळ्या वारसांना स्वतः भेटल्याशिवाय इसार देऊ नका.

मठाची जागा विकत घेता येते?

रिद्धपूर ही गोविंदप्रभूंची भूमी, महानुभाव पंथाचं मोठं क्षेत्र. इथे मठ आणि देवस्थानांच्या जागा घरांना लागून आहेत. जागा सार्वजनिक न्यासाची असेल तर १९५०च्या न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी नसलेली विक्री वैध ठरत नाही. इमारतीचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टाही तसाच. महंतांचा शब्द कितीही आदराचा असला, तरी इथे मंजुरीचा आदेशच लागतो.

विकणाऱ्याने काय जपावं?

पूर्ण पैसे हाती येण्याआधी रजिस्ट्री करून देऊ नये. खरेदी लागल्यावर बाकी रक्कम बुडाली म्हणून विक्री आपोआप रद्द होत नाही. विकणाऱ्याचा त्या रकमेपुरता घरावर बोजा राहतो, पण वसुलीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. घेणाऱ्याने मुद्रांक शुल्क आणि १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये नोंदणी फी धरून ठेवावी. शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागतं. निवासी घर बाईच्या नावे घेतलं तर त्यात १ टक्का सवलत आहे.

महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र म्हाइंभटांनी रिद्धपुरात सिद्ध केलं ते स्वामींना पाहिलेल्या माणसांना शोधून, त्यांच्याकडे जाऊन, विचारून. घराचंही तसंच आहे. दुय्यम निबंधकांकडे ३० वर्षांचे दस्त शोधून घ्या, ग्रामपंचायतीत आणि भूमिअभिलेख कार्यालयात जा, डाव्या-उजव्या शेजाऱ्याशी बोला, आणि परगावी दिलेल्या बहिणीला फोन लावा. एवढं झालं की मग इसाराचे पैसे काढा.