शंभर मैलांची दौड, नाडीचा निकाल

पहाटे सव्वापाचला निघालेला स्वार मध्यरात्र उलटल्यावर शेवटच्या तपासणी तळावर पोचतो. शंभर मैलांपैकी जेमतेम पाच-सहा मैल उरलेले असतात. घोड्याला दुडक्या चालीने पळवून दाखवायचे असते. पशुवैद्य बघतात आणि मान हलवतात: पाय किंचित लचकतो आहे. दौड तिथेच संपते.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या डोंगरांत १९५५ पासून भरणाऱ्या टेव्हिस कप घोडदौडीत असे प्रसंग नेहमीचे. अंतर १६० किलोमीटर, मुदत २४ तास. निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपासच शेवट गाठतात.

एवढी कडक शिस्त कशाला? उत्तर घोड्याच्या घामात आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. त्यामुळे घाम गेला की रक्तातील मिठाचे प्रमाण वाढते आणि तहान लागते. घोड्याच्या घामात मात्र क्षार भरपूर. पाणी आणि मीठ एकदमच निघून जाते, त्यामुळे मेंदूला तहानेचा इशारा नीट मिळत नाही. उन्हात तासाला दहा लिटर घाम गाळलेला घोडाही समोरच्या बादलीला तोंड लावत नाही, असे घडते. त्यात हा कळपाचा प्राणी. पुढचा धावतो तोवर हाही धावणार. आतडी मंदावतात, स्नायू आखडतात, पोटशूळ उठतो. वेळीच थांबवले नाही तर जिवावर बेतते.

म्हणून प्रत्येक तळावर तपासणी. विसाव्यात असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला ३० ते ४० असते. धावून आल्यावर ती ठरलेल्या वेळेत साधारण ६४ पर्यंत उतरायला हवी. हिरडी दाबून रंग किती वेळात परततो ते पाहतात, कातडी चिमटीत धरतात, पोटाला स्टेथोस्कोप लावतात. गुडगुड ऐकू आली तर बरे. शांत पोट काळजीचे.

नियम सैल पडले की काय होते, तेही जगाने पाहिले आहे. घोड्यांच्या हेळसांडीवरून २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केले होते.

गंमत अशी, की मजाही याच नियमांतून येते. अनेक दौडींत सक्तीच्या विश्रांतीचे घड्याळ नाडी उतरल्यावरच सुरू होते. भरधाव आलेला स्वार मग ताटकळत बसतो. जाणता स्वार तळाच्या अलीकडेच उतरतो, खोगिराचा पट्टा सैल करतो आणि घोड्याच्या बरोबरीने चालत येतो. चढणीवर काही जण घोड्याची शेपटी धरून मागून चालतात! रात्री उजेड मिळावा म्हणून टेव्हिसची तारीखही शक्यतो पौर्णिमेच्या आसपासची धरतात.

पहिला आलेल्याला टेव्हिस कप मिळतो. पण अनेक स्वारांचा डोळा हॅगिन कपवर असतो. पहिल्या दहांत आलेले घोडे दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणीला उभे केले जातात, आणि त्यांतल्या सर्वांत ठणठणीत घोड्याला तो कप दिला जातो.