एक दिवस जुन्या राजधानीत

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजले की मुंबईतल्या प्रत्येक ऑफिसात एकच चर्चा. वीकेण्डला काय? लोणावळा? नको, एक्स्प्रेस-वेवर तीन तास नुसते ब्रेक मारत बसायचं. अलिबाग? रूम्स फुल्ल. माथेरान? मागच्या महिन्यात झालं. मग पर्याय उरतात दोनच. मॉल किंवा झोप. आणि सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये कुणी विचारलंच, तर म्हणायचं, ‘काही नाही रे, रिलॅक्स केलं!’

अशाच एका चर्चेत माझी कॉलेजची मैत्रीण भडकली. ही बाई वसईची. रोज सकाळी वसईहून लोअर परळ, रात्री लोअर परळहून वसई. घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर मिळून तीन तास. ‘तुम्ही लोक चार वेळा गोव्याला जाऊन आलात,’ ती म्हणाली, ‘तिथल्या चर्चेसचे दीडशे फोटो काढलेत. माझ्या घरी यायचं म्हटलं की मात्र एकच उत्तर. वसई ना? लांब पडतं गं!’

मुद्दा बिनतोड होता. चर्चगेटपासून वसई रोड स्टेशन सुमारे ५२ किलोमीटर. जे अंतर एक मुलगी आठवड्यातून पाच-सहा वेळा चौथ्या सीटवर बसून, बहुतेकदा उभ्यानेच कापते, ते आपल्याला वर्षातून एकदाही जमत नाही? पुढच्याच रविवारी आम्ही चौघं निघालो.

मुंबई जेव्हा वसईच्या हाताखाली होती

निघण्याआधी थोडा इतिहास. घाबरू नका, परीक्षा नाही. पण हे माहीत असेल तर ट्रिपची मजा डबल होते.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह मोगलांच्या कात्रीत सापडला होता. मदतीच्या आशेने त्याने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई त्यांना देऊन टाकली. वसईबरोबर मुंबईची बेटंही गेली. पोर्तुगीजांची मुख्य राजधानी गोवा. पण उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी वसई. म्हणजे वसईला किल्ला, कॅथीड्रल, कॉलेज, सरदारांचे वाडे, असा सगळा थाट होता तेव्हा मुंबई तिच्या हाताखालची काही बेटं होती! पुढे पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं, १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई हुंड्यात लिहून दिली गेली आणि १६६५ साली इंग्रजांच्या ताब्यात आली. वसई मागे राहिली. हुंड्यात गेलेली धाकटी बहीण आज एवढी मोठी झालीय, की थोरलीची ओळख ‘विरारच्या आधीचं स्टेशन’ अशी पुसट झालीय. मध्ये नालासोपारा येतं, हेही अनेकांना ठाऊक नसतं, तो भाग वेगळा.

थोडक्यात, आजच्या राजधानीतून कालच्या राजधानीत जायचंय. तेही लोकलने.

उलट्या दिशेचा फायदा

या ट्रिपची सगळ्यात भारी गोष्ट कुठली? तुम्ही गर्दीच्या उलट जाता. सकाळी सातच्या सुमारास विरार फास्ट पकडा. चर्चगेटहून तासाभराच्या आसपास, दादरहून त्याहून कमी. विण्डो सीट मिळण्याचे चान्सेस उत्तम. डोंबिवली-ठाणेकरांना दादरला वळसा घालायची सक्ती नाही. दिवा-वसई मार्गावर गाड्या आहेत, पण मोजक्याच. टाइमटेबल बघूनच घर सोडा. आणि रविवार असल्यामुळे मेगा ब्लॉक, जम्बो ब्लॉक काय आहे, ते शनिवारी रात्रीच चेक करा.

भाईंदर सुटलं की मोबाइल खिशात टाका. गाडी वसईच्या खाडीवर चढते, मध्ये पाणजू बेट लागतं, आणि दोन्ही बाजूंना पाणी, कांदळवन, बगळे... दोन-तीन मिनिटांचा खेळ, पण अख्ख्या वेस्टर्न लाइनवरचा बेस्ट. मैत्रीण म्हणाली, ‘रोज मी इथेच डोळे उघडते. मग भाईंदरला परत मिटते.’

ज्यांना अजून थोडी हौस आहे त्यांच्यासाठी भाईंदर-वसई रो-रो. २०२४ साली सुरू झालेली ही बोट बाइक आणि कारसकट खाडी पार करून किल्ल्याच्या अगदी जवळ सोडते. फेऱ्यांचं गणित भरती-ओहोटीशी जुळलेलं असल्याने वेळा आधी विचारून घ्या.

स्टेशनवर उतरलात की पश्चिमेला या. किल्ला इथून सात-आठ किलोमीटर. बस आहे, शेअर रिक्षा आहे. चौघं असाल तर सरळ रिक्षा ठरवा, पण बसण्याआधी भाडं ठरवा. हा नियम जगात सगळीकडे सारखाच!

किल्ल्यात तीन तास

डोंगरावरचे किल्ले बघायची सवय असलेल्यांना वसईचा किल्ला आधी जरा गोंधळात टाकतो. चढण नाही, दम नाही. सुमारे ११० एकरांवर पसरलेलं, तटबंदीच्या आतलं हे एक अख्खं गाव होतं. आता भिंती उभ्या आहेत, छपरं गेलीत, आणि खिडक्यांतून वड-पिंपळ बाहेर डोकावतायत. तिकीट नाही. मधून चक्क डांबरी रस्ता जातो आणि त्यावरून किल्लाबंदर कोळीवाड्यातली मंडळी सायकली, स्कूटरवरून ये-जा करत असतात. त्यांच्यासाठी हा इतिहास नाही, बाजाराचा रस्ता आहे.

सगळं बघायचा हट्ट धरू नका. एवढं बघाच.

सेंट जोसेफ कॅथीड्रल. उंच बुरुजासारखा टॉवर लांबूनच दिसतो. आत गोल जिना आहे. पायऱ्या झिजलेल्या. आमच्यातल्या एकाला वर जायची खुमखुमी आली होती, ती मैत्रिणीने एका नजरेत जिरवली.

फ्रान्सिस्कन चर्च. इथे खाली बघून चाला. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवल्यात, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं आणि कुळांची चिन्हं कोरलेली. कुणाच्या तरी डोक्यावरून चालतोय, हे लक्षात आलं की आपोआप आवाज खाली येतो.

जेझुइटांचं चर्च. किल्ल्यातला सगळ्यात देखणा दर्शनी भाग याचा. संत गोन्सालो गार्सियाचं नाव याच्याशी जोडलेलं आहे. हा वसईत जन्मलेला मुलगा पुढे फ्रान्सिस्कन झाला, जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मारला गेला. १८६२ साली चर्चने त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत हाच.

आणि बालेकिल्ल्याच्या बाजूला चिमाजीअप्पांचं स्मारक. १७३९ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला वेढा मेमध्ये संपला. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग पेरून सेंट सेबास्टियन बुरूज उडवला, किल्ल्यात घुसले आणि पोर्तुगीज शरण आले. गंमत बघा, एवढ्या रक्तपातानंतरही चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांना सामानासकट, मानाने बाहेर पडू दिलं. चर्चमधल्या मोठाल्या घंटा मात्र मराठ्यांबरोबर गेल्या. भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात तुम्ही पोर्तुगीज घंटा बघितली असेल. ती याच मोहिमेची आठवण. नवसाला पावली म्हणून वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं, अशी गोष्ट सांगतात तीही याच लढाईची.

पुढे याच वसईने उलटा दिवसही पाहिला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो इथे. जग थर्टीफर्स्ट साजरा करतं त्या तारखेला पेशवाईचं स्वातंत्र्य कागदावर गेलं.

हो, आणि कोल्डप्लेच्या ‘हिम फॉर द वीकेण्ड’च्या २०१६ च्या व्हिडिओत वसई किल्ला दिसतो. ज्यांना पेशव्यांत इंटरेस्ट नाही, त्यांना निदान या मुद्द्यावर ट्रिपला ओढता येईल!

एक विनंती. किल्ल्यात कोरीव दगडांवर ‘राहुल लव्हज कोणीतरी’ भरपूर आहे. चिप्सची पाकिटं आहेत. काही भिंती पडायला आल्यात. रविवारी सकाळी इथे स्थानिक पोरं हातमोजे घालून प्लॅस्टिक वेचताना दिसतात. त्यांचं काम वाढवू नका.

मराठीतली मिस्सा, सामवेदीतलं जेवण

साडेअकराला ऊन तापतं. आता बाहेर पडा. पापडीला अवर लेडी ऑफ ग्रेस कॅथीड्रल आहे. १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याचं हे मुख्य चर्च. रविवारी प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा. मराठीतली मिस्सा कानावर पडते आणि डोक्यातले बरेच कप्पे आपोआप मोडतात. गोव्याच्या चर्चमध्ये आपण टूरिस्ट असतो. इथे भाषा आपलीच असते.

तिथून मैत्रिणीचं घर. तिच्या घरी सामवेदी बोली बोलतात. आम्हाला निम्मी कळली, निम्मी हसण्यावर भागली. आण्टीनी मासे, तांदळाची भाकरी आणि शेवटी सुकेळी पुढे ठेवली. सुकेळी म्हणजे वाळवलेली राजेळी केळी. चॉकलेटी रंग, मधासारखी गोड, खजुरासारखी चिवट. मॉलमधल्या ड्रायफ्रूटच्या दुकानात शोधू नका. करायला कष्ट फार, करणारे हात कमी, त्यामुळे वसईतही आता ओळखीनेच मिळते.

जेवण झाल्यावर अंकल वाडी दाखवायला घेऊन गेले. केळी, नारळ, सोनचाफा, मध्ये दगडी बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. दादरच्या फुलबाजारात पहाटे जो सोनचाफा येतो, त्यातला बराचसा अशाच वाड्यांतला.

वाडीच्या कुंपणापलीकडे सात मजल्यांची नवी बिल्डिंग उभी होती. ‘आमच्या चुलत्यांची वाडी होती ती,’ अंकल म्हणाले. ‘मलाही विचारून गेलेत तीनदा.’

‘मग?’ आमच्यातल्या एकाने विचारलं.

‘मुलगी सकाळी सहाला जाते, रात्री नऊला येते. झाडांना पाणी कोण घालणार पुढे? तिलाच विचारा.’

मैत्रीण काही बोलली नाही. चाफ्याच्या चार कळ्या तोडून आमच्या हातात ठेवल्या, बस्स.

वसईतला हा प्रश्न नवा नाही. हरित वसईसाठी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर लढा दिला. त्याचं नेतृत्व करणाऱ्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. तेच दिब्रिटो, जे २०२० साली उस्मानाबादला म्हणजे आताच्या धाराशिवला भरलेल्या ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. वाड्या अजून आहेत. पण दर ट्रिपला थोड्या कमी दिसतील, हेही खरं. आपल्याला वन बीएचके परवडतो तो इथेच कुठेतरी. त्यामुळे या भांडणात आपण नुसते प्रेक्षक नाही, हे मला त्या बावखलाच्या काठावर पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी सुरुची बाग बीच. सुरूची झाडं, लांबच लांब किनारा. सूर्य बुडाला की स्टेशन गाठा. परतीची गाडीही गर्दीच्या उलटच.

ट्रिपचं गणित

कधी जाल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसात किल्ला हिरवागार असतो, पण गवत वाढतं आणि दगड निसरडे होतात.

काय न्याल: पाणी, टोपी, बंद शूज. किल्ल्यात खाण्याची फारशी सोय नाही, नाश्ता करूनच आत शिरा. स्वच्छतागृहाचं काम आधीच उरका.

काय घालाल: चर्च आणि देवळं दोन्ही वाटेत आहेत, त्या हिशेबाने.

काय टाळाल: एकाच दिवसात सोपारा, निर्मळ आणि अर्नाळा कोंबणं. सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूप उजेडात आणला. त्याला वेगळा रविवार द्या.

फोटो: मोबाइलवर हवे तेवढे. प्री-वेडिंग वगैरे प्रोफेशनल शूटला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

खर्च: लोकलचं रिटर्न तिकीट, रिक्षा, जेवण. लोणावळ्याच्या नुसत्या टोल आणि पेट्रोलपेक्षा कमीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या ऑफिसात, तुमच्या फ्लोअरवर, रोज विरार लोकलने येणारं कुणीतरी असणारच. आधी त्यांना विचारा, ‘रविवारी घरी आलो तर चालेल का?’ गूगलपेक्षा चांगला गाइड मिळेल. सुकेळी मिळालीच, तर ती बोनस!