उघडे पत्र की बंद पाकीट?

समजा, गंगापूरच्या एका कार्यालयात दहा संगणक आहेत. कोण केव्हा आत आले, कोणाचा प्रवेश नाकारला गेला, याची नोंद प्रत्येक संगणक करतो आणि एका मध्यवर्ती संगणकाकडे पाठवितो. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना व सरकारी कार्यालयांना अशा नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले. पण वाटेतच त्या कोणी वाचल्या तर? घाईत एखादा नावाच्या रकान्यातच परवलीचा शब्द टंकतो. मग तोही नोंदीत उतरतो!

नोंद उघडी जाते की सांकेतिक रूपात, हे ओळखायचे कसे? संगणकाच्या दारांना, म्हणजे पोर्टांना, क्रमांक असतात. रूढीने ५१४ उघड्या नोंदींचा, ६५१४ सांकेतिक नोंदींचा. पण दारावरच्या पाटीवरून कुलूप लावले आहे की नाही, हे कळत नाही. म्हणून तारेतून जाणाऱ्या संख्याच पाहाव्यात. संगणक मजकूर ० ते २५५ या संख्यांत पाठवितो. उघडी नोंद बहुधा '<' या चिन्हाने, म्हणजे ६० ने, सुरू होते. 'टीएलएस' पद्धतीच्या सांकेतिक जोडणीची पहिली संख्या मात्र २२.

सुरुवात हुकली तर संख्यांची वारंवारता मोजा. उघड्या इंग्रजी मजकुरात बहुतेक संख्या ३२ ते १२६ यांतच दाटतात. सांकेतिक मजकुरात सर्व २५६ जवळजवळ सारख्या विखुरतात. संकेत उलगडण्याची गरजच नाही! मात्र दाबून लहान केलेला उघडा मजकूरही काहीसा असाच दिसतो, तेव्हा निकालाची घाई नको.